आठवीनंतर मुली खो-खो सोडतात, त्यांना मैदानावर कसं टिकवावं?

सर, आधी सरावाची वेळ आणि कपडे बदला. मुली खेळाला कंटाळून सोडत नाहीत, घरचे थांबवतात. धाराशिव-बीडकडच्या खेड्यांत पोरगी ‘मोठी झाली’ की आईबाप तीनच गोष्टी विचारतात: घालणार काय, येणार कधी, सोबत कोण. सराव शाळा सुटल्या सुटल्या घ्या आणि दिवस मावळायच्या आत मुली घरी पोचू द्या. चड्डीचा आग्रह सोडा, गडद रंगाची पूर्ण लांबीची पँट चालते. फक्त ती घोट्याशी घट्ट हवी, सैल पायघोळ खुंटाला (मैदानाच्या टोकाच्या खांबाला) वळताना पायात अडकतं आणि पोर तोंडावर पडते. गुडघ्याला कापड थोडं जाड असलं तर सूर मारताना सोलपटतही नाही. कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह जवळ नसेल तर पाळीच्या दिवसांत मुली येत नाहीत, आणि चार दिवसांचा खाडा पुढे कायमचा होतो. परवानगी वडिलांकडे मागण्याआधी आईला एकदा मैदानावर आणून बसवा. धाराशिवच्या सारिका काळे यांचं नाव घ्या: २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार, २०२० चा अर्जुन पुरस्कार. आपल्याच भागातली मुलगी म्हटलं की घरचे ऐकून घेतात.

मात्र ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत हे पुरत नाही. दिवाळीच्या सुमारास कुटुंब निघतं ते उन्हाळ्यातच परततं. त्या मुलींचा मुख्य सराव जून ते सप्टेंबरमध्येच उरकावा लागतो.