ब्रिटनमध्ये छोट्या व्यवसायासाठी ०८००, ०३ की ०८४५ नंबर घ्यावा? फोन करणाऱ्याला किती खर्च येतो?

सरळ ०३३ घ्या. ०३ चा कॉल लँडलाइनवरून असो वा मोबाइलवरून, साध्या ०१/०२ च्या (म्हणजे गावाशहरांच्या नेहमीच्या लँडलाइन नंबरांच्या) दरानेच लागतो आणि पॅकेजमधल्या फुकट मिनिटांत मोजला जातो. नियामक ऑफकॉमचा तसा नियमच आहे. (०३० सरकारी व धर्मादाय संस्थांसाठी राखीव आहे.)

०८०० आणि ०८०८ ग्राहकाला १ जुलै २०१५ पासून मोबाइलवरूनही फुकट आहेत, पण येणाऱ्या प्रत्येक मिनिटाचे पैसे तुम्ही भरता. मोबाइलवरून आलेला कॉल जास्त महाग पडतो, म्हणून प्रोव्हायडरला तो दर वेगळा विचारा.

०८४/०८७ टाळाच. तिथे ग्राहकाला दोन आकार लागतात: त्याच्या फोन कंपनीचा ॲक्सेस चार्ज आणि वर सर्व्हिस चार्ज, जो ०८४ ला मिनिटाला ७ पेन्सपर्यंत, ०८७ ला १३ पेन्सपर्यंत असतो. खरी खोट ॲक्सेस चार्जमध्ये आहे. तो कंपनीगणिक बदलतो, मोबाइलवर बराच जास्त असतो आणि तुमच्या हातात नसतो. शिवाय जाहिरातीत नंबराशेजारी सर्व्हिस चार्ज ठळक छापावा लागतो. आधीच्या खरेदीबद्दल फोन करणाऱ्या ग्राहकाकडून साध्या दरापेक्षा जास्त घेता येत नाही, त्यामुळे तक्रारींसाठी हे नंबर चालतच नाहीत.

जुना ०८४५ असेल तर पुढचे आकडे तेच ठेवून ०३४५ मागा. ०८७० ला ०३७०. पाट्या, बिलं बदलेपर्यंत दोन्ही चालू ठेवा.

भारतातून फोन येणार असतील तर सोबत ०१/०२ चा नंबरही द्या. परदेशातून ०८०० सहसा लागत नाही.