मुलीला ऑर्थोडॉन्टिस्टकडे पहिल्यांदा कोणत्या वयात दाखवावे?

तुमची मुलगी सात वर्षांची आहे, शाळेतील दंततपासणीनंतर तिच्या कार्डावर ‘ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवावे’ असा शेरा आला आहे (ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे दातांची व जबड्यांची ठेवण सुधारणारा दंततज्ज्ञ), सासूबाईंच्या मते दुधाचे सगळे दात पडेपर्यंत थांबायला हवे, आणि नाशिकमध्ये राहत असल्याने इथेच कुठे व केव्हा दाखवावे असे तुम्ही विचारले आहे. मी याच शहरात गंगापूर रोड परिसरात ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणून काम करतो. माझे उत्तर असे की, तिला आताच दाखवा. मात्र सासूबाईंचे म्हणणे अगदीच मोडीत काढू नका, कारण तार लावण्याची वेळ आलीच तर ती बहुधा त्या म्हणतात त्याच वयात येईल. आत्ताची भेट तार लावण्यासाठी नसून जबड्याची वाढ योग्य दिशेने चालली आहे की नाही, हे पाहण्यासाठी आहे.

अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स ही संस्था पहिली तपासणी वयाच्या सातव्या वर्षापर्यंत व्हावी असे सुचवते. यामागचे कारण मुलांच्या तोंडात पाहिले की लगेच कळते. साधारण सहाव्या वर्षी, दुधाचा एकही दात न पडता, सर्वांत मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी काहीच पडलेले नसल्यामुळे बहुतेक पालक तिला दुधाचीच दाढ समजतात आणि ती किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. ही दाढ आणि सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान येणारे पुढचे पटाशीचे दात जागेवर आले की वरचा व खालचा जबडा एकमेकांवर कसा बसतो, हे प्रथमच नीट पाहता येते. त्याआधी, म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षी आणले तर आम्हाला सांगण्यासारखे फारसे नसते. साध्या दंतवैद्याकडची पहिली भेट ही वेगळी गोष्ट आहे. ती पहिला दात दिसल्यावर, किमान पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हायला हवी.

सात-आठ वर्षांच्या मुलात मी सर्वप्रथम जे पाहतो, ते तुम्हीही घरी पाहू शकता. मुलीला उजेडात समोर बसवा, तोंड मोठे उघडायला सांगा आणि मग सावकाश दात मिटायला सांगा. दात एकमेकांना टेकेपर्यंत हनुवटी नाकाच्या सरळ रेषेत असते; पण टेकल्यानंतर पूर्ण मिटताना ती एका बाजूला सरकताना दिसली, तर वरचा जबडा अरुंद असण्याची शक्यता असते. अशा मुलाच्या वरच्या दाढा बाहेरून झाकण्याऐवजी खालच्या दाढांच्या आत बसतात. दात आपटू नयेत म्हणून मूल नकळत जबडा बाजूला नेऊन चावते आणि वर्षानुवर्षे तसेच चावत राहिले तर खालच्या जबड्याची वाढही वाकडी होऊ लागते. हे वेळेत कळले तर उपाय सोपा आहे. टाळूच्या मधोमध असलेला हाडांचा सांधा या वयात पक्का जुळलेला नसतो, त्यामुळे टाळूला बसवलेल्या विस्तारकाचा स्क्रू ठरल्याप्रमाणे फिरवून जबडा रुंद करता येतो. वयात आल्यानंतर हा सांधा घट्ट होत जातो आणि प्रौढ वयात त्यासाठी हाडात स्क्रू बसवावे लागतात किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. ‘सगळे दात येऊ द्या’ हा सल्ला अशा मुलांच्या बाबतीत महाग पडतो.

खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या पुढे येत असतील तरीही थांबू नये. वरचा जबडा मागे राहिला असल्यास चेहऱ्यावर लावायच्या मुखवट्यासारख्या साधनाने तो पुढे ओढता येतो, पण त्याचा उपयोग दहाव्या वर्षाच्या आत सर्वांत चांगला होतो.

वरचे दात पुढे आलेल्या मुलांबद्दल मात्र मी घाई करू देत नाही. आठव्या वर्षी एकदा आणि बाराव्या-तेराव्या वर्षी पुन्हा, असे दोन टप्प्यांत उपचार केलेल्या आणि एकदाच किशोरवयात उपचार केलेल्या मुलांची तुलना वैद्यकीय चाचण्यांतून झालेली आहे, आणि शेवटी दातांच्या ठेवणीत विशेष फरक राहत नाही असेच त्यांतून दिसले. लवकर उपचाराचा एक फायदा खरा आहे : पुढे आलेले दात पडल्या-झडल्यावर तुटण्याचा धोका कमी होतो. मूल सायकलवर आणि मैदानात सतत आपटत असेल, किंवा शाळेत दातांवरून चिडवले गेल्यामुळे हसताना तोंडावर हात धरत असेल, तर मी लवकर सुरुवात करतो. एरवी खालचा जबडा पुढे आणणारी उपकरणे वाढीच्या झपाट्यात, मुलींत साधारण अकराव्या ते तेराव्या आणि मुलांत त्यानंतर एखाद-दोन वर्षांनी, अधिक चांगले काम करतात. आठ वर्षांच्या मुलाला केवळ दात ‘सुंदर दिसावेत’ म्हणून कोणी तार सुचवत असेल, तर आत्ता न केल्यास नेमके काय बिघडेल असे त्यांना स्पष्ट विचारा आणि उत्तर पटले नाही तर दुसरे मत घ्या.

दोन गोष्टींनी पालक विनाकारण घाबरतात. एक म्हणजे खालचे नवे दात दुधाच्या दातांच्या मागून येऊन दातांच्या दोन ओळी दिसणे. दुधाचा दात हलत असेल तर तो पडू द्यावा. जिभेच्या रेट्याने नवा दात हळूहळू पुढे सरकतो. दुधाचा दात मुळीच हलत नसेल तर मात्र तो काढून घ्यावा लागतो. दुसरी म्हणजे वरच्या दोन पटाशीच्या दातांमधली फट. सात ते अकरा वर्षांच्या दरम्यान दात पंख्यासारखे फाकलेले दिसतात आणि अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे उतरले की ती फट बहुतेक मुलांत आपोआप मिटते.

सुळ्यांची काळजी नवव्या-दहाव्या वर्षी घ्यायची असते, आणि ती पालकांच्या लक्षात येणे कठीण असते. वरचा सुळा उतरण्यापूर्वी त्याचा उंचवटा हिरडीवर, गालाच्या बाजूने, बोटाला लागतो. मी दोन्ही बाजूंना बोट फिरवून पाहतो. एकीकडे उंचवटा आहे आणि दुसरीकडे नाही असे आढळले तर एक्स-रे काढतो. टाळूकडे वळलेला सुळा वेळीच सापडला, तर दुधाचा सुळा काढल्यानंतर तो अनेकदा स्वतःहून वाटेला लागतो. नाही सापडला तर शेजारच्या दाताचे मूळही तो खाऊ शकतो.

दुधाची दाढ किडून लवकर काढावी लागली असेल तर हे पहिल्याच भेटीत नक्की सांगा. मागची कायमची दाढ त्या मोकळ्या जागेत पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या उपदाढेला वाट उरत नाही. जागा राखणारी छोटी कडी वेळेवर बसवली तर पुढचा बराच उपद्व्याप टळतो. त्याचप्रमाणे अंगठा चोखण्याची सवय अजून सुटलेली नसेल, किंवा मुलगी झोपेत तोंड उघडे ठेवून घोरत असेल, तर तेही सांगा. दुसऱ्या बाबतीत आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे लागेल, कारण वाढलेल्या ॲडिनॉइडमुळे, म्हणजे नाकाच्या मागच्या भागातील गाठीमुळे, नाक बंद असेल तर केवळ दातांवर उपचार करून भागत नाही.

आता नाशिकपुरते. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांचे एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, केलेले डॉक्टर कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिक रोड अशा सगळ्याच भागांत मिळतील. पाटीवर केवळ ‘दंतचिकित्सालय’ असेल तर ही पदवी आहे का हे विचारायला संकोच करू नये. खर्चाची अडचण असेल तर पंचवटीतील कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवता येईल. तिथे वेळ अधिक जातो, कारण विद्यार्थी तपासतात आणि त्यानंतर प्राध्यापक पाहतात, परंतु खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. शक्यतो दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ नका. तेव्हा निफाड, सिन्नर, दिंडोरीकडचे पालकही मुलांना घेऊन येतात आणि तपासणीला निवांतपणा राहत नाही.

जाताना शाळेचे कार्ड आणि पूर्वीचे एक्स-रे असतील तर सोबत न्या. प्रत्येक मुलाला पहिल्याच भेटीत संपूर्ण जबड्याचा एक्स-रे (ओपीजी) काढावा लागतो असे नाही. तपासल्यानंतर शंका आली तरच तो काढतात. सर्व ठीक असेल तर डॉक्टर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा बोलावतील आणि ती तारीख कार्डावर लिहून देतील.