पॅकिंग लाईनवर रोबो आला, आता तुमचे प्रश्न

औषध कंपन्यांच्या पॅकिंगमध्ये रोबो येतायत त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, त्यातले पाच प्रश्न आज घेतो. मी 22 वर्षं पॅकिंगच्या मेंटेनन्सला काढली, आधी गोव्यात वेर्ण्याला, मग वाळूजला, त्यामुळे जे सांगतो ते लाईनवर उभं राहून बघितलेलं आहे.

प्रश्न: मी वाळूजला एका फार्मा कंपनीत 11 वर्षं पॅकिंगला आहे, कॉन्ट्रॅक्टवर. लाईनच्या शेवटी शिपर (कार्टन भरायचे मोठे खोके) भरायला आम्ही सहा जणी असतो. तिथे रोबो बसवणार म्हणतात. आमचं काय होणार?

ताई, खोटा धीर देणार नाही. शिपर भरणं, टेप मारणं, पॅलेटवर रचणं ही कामं रोबो सगळ्यात आधी घेतो, आणि खरं सांगायचं तर ती त्याने घ्यावीतच, आठ तास दहा-दहा किलोचे खोके उचलून पाठीचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पण सहाच्या सहा जणी घरी जातात असंही नसतं. मशीनच्या मॅगझिनमध्ये (कार्टनच्या खणात) कार्टन भरायला, लाईन क्लिअरन्सला (नवीन बॅचआधी लाईन रिकामी आहे का ते तपासायला), रिजेक्टचा हिशोब लावायला माणूस लागतोच, एखादं आधीच्या बॅचचं कार्टन कन्व्हेयरखाली पडलेलं असतं ते रोबोला दिसत नाही, तुम्हाला दिसतं. म्हणून आत्ताच, मशीन यायच्या आधी, सुपरवायझरला सांगून ठेवा की मला स्क्रीन चालवायला शिकायचंय. रोबो बसतो तेव्हा मशीनवाल्या कंपनीचा इंजिनिअर येऊन राहतो, ट्रायल चालतात, तेव्हा त्याच्या शेजारी उभं राहायचं, लाजायचं नाही, हे बटण कशाला ते बटण कशाला विचारायचं. आणि जे शिकाल त्याची नोंद ट्रेनिंग रेकॉर्डमध्ये तुमच्या नावाने झाली का ते बघा, कॉन्ट्रॅक्टवर असलात तरी जीएमपीप्रमाणे (औषध बनवण्याचे दर्जाचे नियम) ती नोंद व्हायलाच पाहिजे. हे वाचणाऱ्या मॅनेजर लोकांनाही हात जोडून सांगतो, बाहेरून नवीन पोरं आणण्याआधी ह्या बायकांना विचारा. का ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न: माझं सांगलीत मेडिकल आहे. पॅकिंग सगळं कॅमेऱ्याखाली होतं म्हणतात, मग मधेच एखादी स्ट्रिप रिकाम्या घराची कशी येते? आणि क्यूआर कोड स्कॅन झाला म्हणजे माल असली समजायचा का?

चांगला प्रश्न, ह्याला जरा वेळ देतो. ब्लिस्टर मशीनवर, म्हणजे स्ट्रिप बनवणाऱ्या मशीनवर, पीव्हीसीचा (प्लॅस्टिकचा) रोल तापतो, त्यात घरं पडतात, घरात गोळ्या पडतात, आणि मग कॅमेरा बघतो. फॉईल लागते त्याच्यानंतर, मग बॅच नंबर, मग कटिंग, आणि कटिंग झाल्यावर खराब स्ट्रिप बाजूला फेकली जाते. म्हणजे कॅमेरा बघतो एका जागी आणि फेकाफेकी होते बरंच पुढे. मधल्या अंतरात किती स्ट्रिप आहेत ते मशीन मोजून लक्षात ठेवतं, समजा 14, तर कॅमेऱ्याने पकडल्यापासून चौदावी स्ट्रिप फेकायची.

मी एका ठिकाणी होतो तिथे ब्रेकडाऊननंतर एक रोलर थोडा सरकवून बसवला गेला. पट्टीचा रस्ता एका स्ट्रिपने वाढला आणि आकडा मात्र जुनाच राहिला. कॅमेरा बरोबर पकडत होता, स्क्रीनवर रिजेक्ट बरोबर दिसत होतं, काउंटही जुळत होता, फक्त रिकामी स्ट्रिप पुढे जात होती आणि तिच्या जागी चांगली फेकली जात होती. कोणाच्या लक्षात आलं? सेकंड शिफ्टला रिजेक्टचा बिन मोकळा करणाऱ्या हेल्पर ताईंच्या. त्या म्हणाल्या, साहेब ह्या बिनातल्या स्ट्रिपा तर भरेल हायेत. लाईन थांबवली, शेवटच्या ओके चेकनंतरचा सगळा माल खोलला, रात्रभर सगळे मोजत बसलो. पुढे असलेला कार्टन भरणारा रोबोचा हात कितीही महागाचा असू दे, त्याला आली ती स्ट्रिप तो उचलतो.

ह्याला उपाय चॅलेंज टेस्ट. शिफ्टच्या सुरुवातीला, ठरलेल्या वेळाने आणि प्रत्येक ब्रेकडाऊननंतर, मुद्दाम एक घर रिकामं ठेवायचं, एकात तुटकी गोळी टाकायची, एकात दुसऱ्या रंगाची, खूण करून सोडायचं आणि त्याच खुणेच्या स्ट्रिपा बिनमध्ये आल्या का ते डोळ्यांनी बघायचं, नुसता स्क्रीनवरचा काउंट बघून सही ठोकायची नाही. तुमच्याकडे अशी स्ट्रिप आली तर टाकून देऊ नका, बॅच नंबरसकट कंपनीला कळवा, त्यांना ती तक्रार तपासावी लागते.

क्यूआरचं म्हणाल तर 1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडना तो सक्तीचा आहे, त्यात ब्रँड, जेनेरिक नाव, कंपनीचं नाव-पत्ता, बॅच, तारखा, लायसन्स नंबर असतं. पण छापलेला कोड कोणीही परत छापू शकतो, त्यामुळे नुसतं स्कॅन झालं एवढ्यावर जाऊ नका, स्क्रीनवरची बॅच आणि एक्सपायरी पॅकवरच्या छपाईशी ताडून बघा आणि बिल नेहमीच्या स्टॉकिस्टचंच घ्या.

प्रश्न: सातपूरला आमचं छोटं युनिट आहे, एकच ब्लिस्टर लाईन, मिनिटाला 300 स्ट्रिप. शिपर भरायला कोबॉट (माणसाच्या शेजारी काम करणारा रोबो) घ्यावा का?

साहेब, आधी कागदावर हिशोब मांडा. 300 स्ट्रिप, एका कार्टनमध्ये 10, म्हणजे मिनिटाला 30 कार्टन. शिपरमध्ये 100 कार्टन बसत असतील तर सव्वातीन-साडेतीन मिनिटांनी एक शिपर भरतो. एवढ्या कामात कोबॉट अर्धा वेळ हात बांधून उभा राहणार. सेल्सवाले म्हणतील एकच रोबो दोन लाईनना लावा, तर ते करताना दहादा विचार करा, दोन प्रॉडक्ट एका हातात आले की मिक्सअपची वाट उघडलीच, मग प्रत्येक कार्टनचा कोड स्कॅन करूनच उचलायचा अशी सोय पाहिजे आणि मधे पक्कं पार्टिशन.

एक्सपोर्टचा माल असेल तर गणित बदलतं. अमेरिका, युरोपसाठी प्रत्येक कार्टनला वेगळा नंबर लागतो, युरोपात 9 फेब्रुवारी 2019 पासून आहे. त्यात जिथे कोणतं कार्टन कोणत्या शिपरमध्ये गेलं हे जोडून ठेवायचं असतं तिथे रोबो खरंच कामाचा, कारण तो स्कॅन केल्याशिवाय ठेवतच नाही. माणसाच्या हाताने होतं काय, क्यूएवाले (क्वालिटी बघणारे) सॅम्पल म्हणून एक कार्टन काढतात, त्याच्या जागी दुसरं घातलं जातं आणि सगळी जोडणी बिघडते.

अजून एक, आणि हे कोणी सांगत नाही. पावसाळ्यात तुमच्या कार्टनचा बोर्ड दमट होतो का ते बघा. वेर्ण्याला जून लागला की कार्टन वाकायचे, सक्शन कपने उचलले तरी नीट उघडायचे नाहीत आणि दर दहा मिनिटांनी मशीन उभं. हाताने काम करणारा माणूस तसं कार्टन दाबून सरळ करतो, रोबो नाही करत. त्यामुळे आधी एक महिना लाईन कितीदा थांबते आणि कशाने थांबते ते लिहून काढा. निम्मे स्टॉप कार्टनमुळे असतील तर पैसे कार्टनच्या गोडाऊनवर घाला, रोबो पुढच्या वर्षी.

प्रश्न: गोळी एवढीशी आणि चांदीची स्ट्रिप तळहाताएवढी, हे कशाला? (ठाण्याहून एक आजी)

आजी, ती अ‍ॅल्यू-अ‍ॅल्यू स्ट्रिप. तिला दोन्ही बाजूंनी धातूच असतो. प्लॅस्टिक गरम करून ताणता येतं, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा थंडच दाबावा लागतो, आणि एकदम खोल दाबला तर फाटतो, म्हणून घर पसरट करावं लागतं. पण त्यात ना दमट हवा शिरते ना उजेड, म्हणून आठवड्याच्या गोळ्या आधीच काढून डबीत भरू नका, खायच्या वेळीच काढा.

प्रश्न: मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, ह्या लाईनमध्ये यायचंय. काय शिकू?

बाळा, रोबोचं प्रोग्रामिंग दिसायला भारी वाटतं पण सुरुवात न्यूमॅटिक्स (दाबाच्या हवेवर चालणारे भाग) आणि सेन्सरपासून कर. रात्री दोनला लाईन थांबते ती बहुतेक वेळा फाटलेल्या सक्शन कपने नाहीतर धूळ बसलेल्या सेन्सरने. मग पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर. त्याच्या जोडीला जीएमपी वाच, कारण इथे सेटिंग बदललं की चेंज कंट्रोल (बदलाची लेखी मंजुरी) लागतो, कोणी बदललं, कधी, का, सगळं ऑडिट ट्रेलमध्ये राहतं, दुसऱ्याच्या पासवर्डने लॉगिन करायची सवय कॉलेजातच मोडून टाक. इंजेक्शनच्या बाजूला जायला मिळालं तर सोडू नको. तिथे जंतू येतात ते मुख्यतः माणसामुळे, म्हणून बंद आयसोलेटरमध्ये (हवाबंद पेटीत) व्हायल (इंजेक्शनच्या बाटल्या) हाताळायला रोबो लावतात आणि आतली हवा-पत्रा सगळं हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने निर्जंतुक करतात. युरोपचा नवा अ‍ॅनेक्स 1 (निर्जंतुक औषधं बनवण्याचे नियम) 25 ऑगस्ट 2023 पासून लागू झालाय आणि त्यात माणसाचा हात कमी करा यावरच जोर आहे. तो पूर्ण वाच, इंग्रजी जड वाटलं तर रोज दोन पानं, आणि अडलं की मला लिही.