आधी एका माणसाला सांग

प्रिय,
सप्रेम जय ख्रिस्त.

तू यादी मागितलीस. कुठलं ॲप घ्यावं, कुठलं चाळीस दिवसांचं मनन वाचावं, यूट्यूबवर कुणाची शिकवण ऐकावी. आणि अगदी शेवटी, सहज सुचल्यासारखं, 'रविवारी उपासनेत कीबोर्ड वाजवणं सोडू का?' खरा प्रश्न तोच, हे मला कळलं. यादी देतो, पण आधी मला सांग, हे तू आजवर कुणाला सांगितलं आहेस? मला तरी कुठे सांगितलंस? 'पवित्रतेच्या बाबतीत संघर्ष चालू आहे' असं लिहिलंस. कसला संघर्ष, कधी, कुठे, किती वेळा, काही नाही. वाक्य असं रचलंस की त्यात तू कुठे सापडूच नयेस.

हे तू आमच्याकडूनच शिकलास म्हणा. प्रार्थनासभेत 'एक वैयक्तिक विषय आहे, आठवण ठेवा' म्हटलं की सगळे माना डोलावतात. कोणी विचारत नाही. प्रार्थना होते, चहा-बिस्किटं होतात, आणि माणूस जे घेऊन आला तेच घेऊन घरी जातो.

तर माझं म्हणणं एकच आहे. एका माणसाला सांग. समोर बसून, तोंडाने, साध्या मराठीत. 'मी पॉर्न बघतो. आठवड्यातून इतक्यांदा. रूममेट नाइट शिफ्टला गेला की बघतो.' एवढं पुरे. काय बघितलं त्याचं वर्णन करायचं नाही, त्याने ऐकणाऱ्याचंही नुकसान होतं. पण 'मोहात पडलो', 'कमकुवत क्षण आला' हेही चालणार नाही.

आता तुझी यादी. कव्हेनंट आइज नावाचं ॲप आहे, २००० साली अमेरिकेत सुरू झालेलं. नाव बायबलमधल्या ईयोबाच्या एकतिसाव्या अध्यायातून घेतलंय, डोळ्यांशी केलेल्या करारावरून. पैसे पडतात. फोनवर काय चाललंय त्याची धूसर चित्रं घेऊन ते तू निवडलेल्या माणसाकडे अहवाल पाठवतं. तू निवडलेल्या माणसाकडे, बरं का. तिथे तू कुणाचा ईमेल टाकणार आहेस? फुकटचं हवं असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं. तिथे क्लाउडफ्लेअर कंपनीचा कुटुंबांसाठीचा पत्ता टाकला की बहुतेक अश्लील साइट उघडत नाहीत. आयफोनवर स्क्रीन टाइममधून प्रौढ साइट बंद करता येतात, फक्त पासकोड दुसऱ्याने टाकायचा आणि त्यानेच लक्षात ठेवायचा. पुन्हा दुसरा माणूस आलाच. तू ऐरोलीत आयटीत काम करतोस, हे सगळं काढून टाकायला तुला दोन मिनिटं लागतील. इन्स्टाग्राम आणि टेलिग्रामवर जे येतं ते तर यातलं काहीच अडवत नाही. लावू नकोस असं म्हणत नाही. आजच लाव. दाराला कडी असावीच, पण चोर घरातच जेवायला बसलाय हे विसरू नकोस.

पुस्तकी मार्ग हवा असेल तर सेलिब्रेट रिकव्हरी आहे. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅडलबॅक चर्चमध्ये सुरू झालं; दारूपासून पॉर्नपर्यंत सगळ्या सवयी सोडवण्यासाठी. त्यात दारू सोडवणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्या घेतल्या आहेत, आणि त्यातली पाचवी पायरी अशी की आपल्या चुकांचं नेमकं स्वरूप देवाजवळ, स्वतःजवळ आणि दुसऱ्या एका माणसाजवळ कबूल करायचं. 'नेमकं' आणि 'दुसऱ्या एका माणसाजवळ', हे दोन्ही त्यात आहे. पाचवीवर येऊन किती जण गळतात ते मी पाहिलंय.

त्याहून जुनं हवं? मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीने १७३८ च्या नाताळच्या दिवशी छोट्या गटांसाठी नियम लिहिले. आठवड्यातून एकदा तरी भेटायचं, ठरल्या वेळेला यायचं, आणि प्रत्येकाला विचारायचं: मागच्या भेटीनंतर तुला माहीत असलेलं कुठलं पाप तू केलंस? कसल्या परीक्षा आल्या? त्यातून कसा सुटलास? नियमांच्या पहिल्याच ओळीत याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय आहे, बरं होण्यासाठी आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. ना ॲप, ना चाळीस दिवसांचं पुस्तक. चार माणसं आणि एक न टाळता येणारा प्रश्न.

तू म्हणशील, आपण कॅथलिक थोडेच आहोत, आपण थेट येशूजवळ कबूल करतो. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. सिद्धांत बरोबर आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिलंय, आपण पापं पदरी घेतली तर तो क्षमा करणारा आहे, आणि त्यासाठी मध्ये कोणी लागत नाही. पण आपण त्या सिद्धांताचा आडोसा केलाय. आपल्या प्रोटेस्टंटांचा मूळपुरुष मार्टिन ल्यूथर पोपशी भांडला, पण खासगी कबुली त्याने सोडली नाही. १५२२ मध्ये विटेनबर्गच्या व्यासपीठावरून त्याने स्पष्ट सांगितलं की ती मी कोणाला हिरावू देणार नाही. ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये जाणारा माझा एक कॅथलिक शेजारी फादरांपुढे गुडघे टेकतो, आणि फादरांना ते मरेपर्यंत कुठे बोलता येत नाही. आपल्याकडे काय आहे? आपण उशीत तोंड खुपसून 'प्रभू, क्षमा कर' म्हणतो आणि त्याच उशीखाली फोन चार्जिंगला असतो.

दावीद राजाचं बघ. दुसऱ्याची बायको बथशेबा, तिचं प्रकरण झाल्यावर मूल जन्मेपर्यंत तो गप्पच होता. त्या काळात त्याची प्रार्थना बंद होती असं काही शास्त्र सांगत नाही. हालला कधी? नाथान संदेष्टा दारात येऊन उभा राहिला आणि 'तो मनुष्य तूच' म्हणाला तेव्हा. पश्चात्तापाचं एक्कावन्नावं स्तोत्र त्यानंतरचं आहे, आधीचं नाही.

मी हे ऐकीव सांगत नाही. आमच्या वेळी कळव्याला सायबर कॅफे होते, प्लायवूडच्या पार्टिशनचे, पडदा लावलेले. गल्ल्यावरचा पोरगा तासाचे पैसे घेताना चेहऱ्याकडे बघायचा. तेवढी तरी लाज आड यायची. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा पाण्याच्या भावाने मिळू लागला आणि गल्ल्यावरचा तो पोरगाही गेला. तुमची पिढी वाईट आहे असं मला मुळीच वाटत नाही. तुमच्या वाटेत कोणी उभंच नाही, एवढंच.

माझ्या वाटेत एक म्हातारे वडील उभे राहिले. मंडळीचे वडील, म्हणजे चर्चमधले एल्डर. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. वेस्लीचं नावही त्यांनी ऐकलं नसेल. मी सांगितलं तेव्हा ना उपदेश केला, ना डोक्यावर हात ठेवला. 'पुढच्या शनिवारी ये,' म्हणाले. पुढच्या शनिवारी विचारलं, 'काय झालं या आठवड्यात?' बस. त्यानंतर दर शनिवारी तेच. मी खोटं बोललो की त्यांना कळायचं, ते काही न बोलता चहा ओतायचे, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगायचो. ते गेल्यापासून माझे शनिवार मीच ठरवतो, आणि त्यांच्यासारखा प्रश्न विचारणारा मला नंतर मिळाला नाही याचं वाईट वाटतं.

लग्नानंतर मी बायकोलाही सांगितलं. ती राहुरीला माहेरी गेली आणि पावसाळाभर तिकडेच राहिली. माझी बहीण आजही म्हणते, 'तुला कोणी विचारलं होतं? सुटली होती ना सवय? मग बोलायचं कशाला?' सासरच्या काही लोकांनी अजून मला माफ केलेलं नाही. करोत वा न करोत. मी पुन्हा तेच करीन. घरात एक दार कायम बंद ठेवून संसार होत नाही, निदान मला जमला नसता. बहिणीला हे पटवणं मी सोडून दिलंय. पण तुला हेही सांगतो, तिला सांगण्याआधी मी एका माणसाला सांगितलं होतं, आणि ती गेल्यावर तोच माणूस माझ्याजवळ होता. क्रम चुकवू नकोस. सगळं ओझं आधी होणाऱ्या बायकोच्या डोक्यावर ठेवायचं आणि तिने माफ केलं की आपण सुटलो समजायचं, हा भ्याडपणा आहे.

श्रीरामपूरला तुझी आई स्थळं बघते आहे, हे मला ठाऊक आहे. 'लग्न झालं की आपोआप सुटेल' असं तुला कुणी म्हणेल. नाही सुटत.

तुझ्या मेसेजमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. पडल्यावर तू तीन दिवस उपास करतोस, बायबल जास्त वाचतोस, उपासनेत जास्त जोरात गातोस. मग जरा बरं वाटतं, दिवस मोजू लागतोस, आकडा वाढला की छाती फुगते, आणि कुठल्यातरी थकलेल्या रात्री सगळं शून्यावर येतं. तो उपास म्हणजे दंड भरणं झालं, पश्चात्ताप नव्हे. दंड भरला की सांगायची गरज उरत नाही, म्हणून तो तुला सोपा जातो. दिवस मोजणं बंद कर. त्यापेक्षा बघ, कधी पडतोस? भुकेला असताना, चिडलेला असताना, एकटा असताना, की दमलेला असताना? बहुतेक पडणं या चारांत बसतं. रविवारची रात्रही धोक्याची असते, दिवसभर लोकांत राहून खोलीवर एकटं परतल्यावर. चार्जर खोलीच्या बाहेर लाव. गजरासाठी साधं घड्याळ आण. आणि हे सगळं त्या एका माणसाला सांग.

तो कोण असावा? वयाने मोठा, पुरुष, दर आठवड्याला भेटता येईल इतका जवळ. ठाण्यापासून वाशीपर्यंतच्या लोकलवर कुठेही असला तरी चालेल. ऐकून दचकणारा नको. 'चालतं रे, सगळेच बघतात' म्हणणारा तुझ्या वयाचा मित्र नको. आणि फक्त पाळक आहे एवढ्यावर कुणाला निवडू नकोस. एका मंडळीत एका मुलाने पाळकांना विश्वासाने सांगितलं आणि काही रविवारांतच ते उपदेशात उदाहरण म्हणून आलं. नाव घेतलं नाही, गाव मात्र सांगितलं. तो मुलगा आता कुठल्याच चर्चला जात नाही. तरी माझं म्हणणं बदलत नाही. चुकीच्या माणसाला सांगितलं तर योग्य माणूस शोधायचा, गप्प बसायचं नाही.

(मुलींनाही हे असतं. मंडळीत ते कोणी मान्यच करत नाही, मग त्यांनी सांगायचं कुणाला? त्यावर आमच्या बायकांपैकी कुणी लिहायला हवं.)

मला काही तरुण 'सीबीआय' म्हणतात. शनिवारच्या गटातून काही जण निघूनही गेले, म्हणाले, इथे कृपा कमी आणि चौकशी जास्त. असेल. पण जे राहिले त्यांना एकमेकांचे खरे आठवडे माहीत आहेत.

'मी ॲडिक्ट आहे' असं लिहिलंस, ते मात्र इतक्या घाईने म्हणू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लैंगिक वर्तनावर ताबा न राहण्याचा विकार आहे, पण त्यातच म्हटलंय की फक्त नैतिकदृष्ट्या वाईट वाटतं एवढ्यावरून हे निदान करायचं नाही. सहा महिने किंवा जास्त काळ थांबवता येत नाही, नोकरी, झोप, नाती बिघडत चालली आहेत, असं असेल तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नकोस. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची आयपीएच संस्था आहे. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं. 'ख्रिस्ती समुपदेशकच हवा' असा हट्ट धरून बसू नकोस. आणि जगावंसं वाटत नाही असा विचार कधी आला तर शनिवारची वाट बघायची नाही, त्याच क्षणी फोन करायचा, मला किंवा त्या नंबरवर.

आता कीबोर्ड. ते तू एकट्याने ठरवायचं नाही. एकट्याने सोडलंस तर तोही दंडच, आणि एकट्याने चालू ठेवलंस तर तोही आडोसाच. ज्याला सांगशील त्याला विचार, आणि तो 'थोडे महिने थांब' म्हणाला तर वाद घालू नकोस.

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला मी तलावपाळीवर असतो, जांभळी नाक्याच्या बाजूला. ऐरोलीहून गाडी पकडलीस तर ठाणे स्टेशनहून चालत ये, रिक्षाच्या रांगेत उभा राहू नकोस. मी नको असेन तर वाईट वाटून घेणार नाही. मग गुरुवारपर्यंत दुसऱ्या कुणाचं तरी नाव कळव, आणि त्याला कुठे, किती वाजता भेटणार तेही. 'बघतो' असं उत्तर पाठवू नकोस. जेवून येऊ नकोस, ही थालीपीठं करणार आहे.

तुझा,
काका