डोंबिवलीहून नाशिक, हातात ३५ दिवस: वेळ कसा बसवायचा

तुम्ही लिहिलंय की ३१ मेला नाशिकला भाड्याच्या घरात जायचंय, दोघांच्या नोकऱ्या, मुलगा चौथी झाला, सासूबाई या घरात तीस वर्षं राहिल्यात, आणि ३५ दिवस आहेत तर रोज थोडं थोडं आवरलं की होईल ना. होईल, पण सुरुवात आवरण्यापासून करू नका. माझ्या मिस्टरांची बदलीची नोकरी, १८ वर्षांत ५ वेळा घर हललंय, सांगली लातूर रत्नागिरी सगळं झालं, त्यावरून सांगते.

आधी वेळ मोजा. ३५ दिवसांत रविवार येतात ५. त्यातला एक नाशिकला घर बघून किल्ली घ्यायला जाणार, मे महिना आहे म्हणजे एक तरी लग्नात जाणार, राहिले तीन. बाकीच्या दिवशी लोकल पकडून घरी यायलाच आठ वाजतात, जेवणं, भांडी, मग जो काय तासभर मिळतो तो. म्हणजे खरा वेळ तीन रविवार आणि पंचवीसेक तास, आणि माझ्या अनुभवाने नुसतं स्वयंपाकघर आठ-दहा तास खातं. हे एकदा कागदावर लिहून भिंतीला लावा, घरातल्या सगळ्यांना दिसू दे.

आता पहिले दोन आठवडे फक्त ती कामं, जी दुसऱ्याच्या हातात आहेत. तुमचं खोकं तुम्ही रात्री बारालाही भराल, पण शाळेचा क्लार्क रात्री बाराला भेटणार नाही. १ मेच्या सुमाराला निकाल लागला की त्याच आठवड्यात दाखल्याचा अर्ज द्या, लायब्ररीची पुस्तकं, फीची बाकी आधी मिटवा, कारण सुट्टीत शाळेचं ऑफिस रोज उघडं असेलच असं नाही. नाशिकच्या घराचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करून लवकर हातात घ्या, तिकडचा गॅस, मुलाची अ‍ॅडमिशन, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून तेच लागणार.

गॅसचं जरा सविस्तर सांगते कारण आमचं तिथेच अडलं होतं. शहर बदलतंय म्हणजे सिलेंडर न्यायचा नाही (भरलेला तर ट्रकवालेही घेत नाहीत), सिलेंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचे, मूळ पावतीवर असेल तेवढं डिपॉझिट परत मिळतं आणि टर्मिनेशन व्हाउचर मिळतं, ते दाखवून नव्या गावात कनेक्शन, तिथे डिपॉझिट आताच्या दराने. ऐकायला सोपं आहे. आम्ही निघायच्या आठ दिवस आधी एजन्सीत गेलो तेव्हा कळलं की कार्ड अजून सासऱ्यांच्या नावावर, आणि ते जाऊन सहा वर्षं झालेली. मग मृत्यूचा दाखला, दिराची आणि नणंदेची लेखी ना-हरकत, नणंद इंदूरला. नवीन घरी पंधरा दिवस इंडक्शनच्या एका शेगडीवर पाच माणसांचा स्वयंपाक केला मी. तुमचं घर तीस वर्षं जुनं आहे म्हणून मुद्दाम लिहितेय.

सोसायटीत सेक्रेटरींना आत्ताच तारीख सांगा, लिफ्टमधून सामान न्यायची वेळ बहुतेक ठिकाणी ठरलेली असते. आणि जमलं तर ३१ तारीख सोडा. महिनाअखेर सगळेच हलतात, पॅकर्सवाले भाव चढवतात आणि माणसं कमी पाठवतात. २७-२८ मे, मधला वार घ्या, कसारा घाट चढून ट्रक त्याच दिवशी पोचतो, एक-दोन रजा जास्त गेल्या तरी चालेल. आधारवरचा पत्ता वगैरे तिकडे जाऊन करा, त्यात आता वेळ घालवू नका.

तिसऱ्या आठवड्यात माळा. आणि माळा म्हणजे सासूबाई, हे मनापासून सांगते. आमच्याकडे एका पत्र्याच्या ट्रंकेला पूर्ण रविवार गेला. वर जुनी नऊवारी, तिच्या घडीत मिस्टरांची बालवाडीची पाटी, खाली सासऱ्यांची आंतर्देशीय पत्रं सुतळीने बांधलेली. मी घाईत होते, म्हटलं आई पटकन सांगा ठेवायचं की द्यायचं. त्या काही बोलल्या नाहीत, सुतळी सोडली, एक पत्र वाचलं, घडी घातली, दुसरं उघडलं. मला अजून वाईट वाटतं त्या घाईचं. म्हणून रविवारवर टाकूच नका, रोज सकाळी ऑफिसला जाताना माळ्यावरची एकच पिशवी काढून त्यांच्यापुढे ठेवा, दिवसभर त्यांचा वेळ आहे, बघू दे, कोणाला काय द्यायचं ते त्यांना ठरवू दे. तांब्याचा बंब कोणाच्या घरी गेला हे त्यांना माहीत असलं ना, की तो गेल्याचं तेवढं दुःख होत नाही. शेजारच्या काकूंना भेटायला, देवळात जायलाही त्यांना वेळ ठेवा, तो वेळ यादीत लिहून ठेवा नाहीतर शेवटी तोच कापला जातो.

चौथ्या आठवड्यापासून किराणा भरू नका, आहे ते डाळ-तांदूळ-पापड संपवा. फ्रीज आदल्या रात्री बंद करून पुसून ठेवायचा, आणि तिकडे उतरवल्यावर काही तास उभा ठेवून मग चालू करायचा. मशीन फ्रंटलोड असेल तर नवीन घेताना मागचे बोल्ट काढून दिले होते ते शोधा, ते लावल्याशिवाय ट्रकमध्ये चढवू नका, आतला ड्रम हलतो. खोक्यांवर नुसतं 'किचन' लिहून उपयोग नाही, 'किचन, रोजचे डबे' असं लिहा.

ट्रकच्या आधीचे दोन दिवस कोरे ठेवा, काहीच ठरवू नका, मागचं राहिलेलं त्यातच येऊन पडतं.

आज घरी गेलात की गॅसचं कार्ड काढा, नाव कोणाचं आहे बघा आणि इथेच लिहा, त्याप्रमाणे पुढचं सांगते.