चेटकीण म्हणवून घेण्याआधी

प्रिय लेकी,

एडिंबरोला गेल्यापासून तू पौर्णिमेला चौघींबरोबर वर्तुळ आखून बसतेस, मेणबत्त्या लावतेस, चंद्राला हात जोडतेस, हे वाचून मी दचकले नाही. तुझी आजी वडाला सूत गुंडाळायची, चतुर्थीला चंद्र दिसल्याशिवाय तोंडात घास घालायची नाही. दचकले ते पत्राच्या शेवटाला. "मावशी, आईला आता सरळ मराठीत सांगणार आहे, मी चेटकीण आहे."

सांग, पण जरा थांबून.

तुमच्या मंडळात 'विच' शब्द कुठून आला ते तुला ठाऊक असेलच. तरी सांगते, कारण तुम्ही लोक त्याला हजारो वर्षांचा जुना ठरवता. 1735 चा चेटूकविरोधी कायदा ब्रिटनमध्ये 1951 साली रद्द झाला आणि तीनच वर्षांत जेराल्ड गार्डनर यांनी पुस्तक लिहून 'आम्ही आहोत' असं जाहीर केलं. हा माणूस आयुष्यभर सिलोन-मलायात रबराचे मळे आणि कस्टमची नोकरी सांभाळून परतलेला. विधींच्या शब्दांना गोडवा आणला तो त्यांच्या शिष्या डोरीन व्हॅलिएंटे यांनी. म्हणजे तुमचा धर्म जेमतेम माझ्या वयाचा आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. (गंमत म्हणजे तुमच्या धर्माचं नाव 'विक्का' हा जुन्या इंग्रजीत पुल्लिंगी शब्द, उच्चार 'विचा'च्या जवळचा. बाईसाठी 'विचे'.) बदनाम शब्द मुद्दाम अंगावर घ्यायचा आणि त्यातलं विष काढून टाकायचं, हा त्यांचा डाव होता. तो बराचसा साधलाही. अमेरिकेत 2007 पासून सैनिकांच्या सरकारी थडग्यांवर क्रूस कोरतात तसा पंचकोनी ताराही कोरून मिळतो.

मला खटकतं ते तू फोटोत घातलेल्या टी-शर्टावरचं वाक्य, 'ज्यांना तुम्ही जाळू शकला नाहीत त्या चेटकिणींच्या आम्ही नाती.' तू राहतेस तिथेच किल्ल्यासमोर भिंतीत एक छोटं कारंजं आहे, 1894 सालचं, चेटकिणी ठरवून मारल्या गेलेल्यांच्या आठवणीसाठी. जाऊन ये. 1563 ते 1736 या काळात स्कॉटलंडमध्ये सुमारे अडीच हजार माणसं या आरोपाखाली मारली गेली. बहुतेक बायका. आधी गळा आवळायचा, मग जाळायचं. त्या चेटकिणी नव्हत्या गं. चर्चमध्ये जाणाऱ्या, कुणाच्या तरी डोळ्यांत खुपणाऱ्या साध्या बायका होत्या. अमेरिकेतल्या सेलममध्ये 1692 साली 19 जणांना फाशी दिलं, ते सगळे मरताना 'नाही'च म्हणत होते. ज्यांनी कबुली दिली आणि ती मागे घेतली नाही, त्यांतलं कुणीही फासावर गेलं नाही. एकाहत्तर वर्षांची रिबेका नर्स 'मी निर्दोष आहे' म्हणत गेली. आज तू तिला 'आमची चेटकीण आजी' म्हणालीस, तर तिच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांचंच म्हणणं खरं करतेस. टी-शर्ट फेकू नकोस, पण त्या कारंज्यापाशी घालून जाऊ नकोस. 2022 च्या महिलादिनी स्कॉटलंडच्या मुख्यमंत्री निकोला स्टर्जन यांनी माफी मागितली, तीही त्या बायकांवर अन्याय झाला म्हणून. त्या जादू करत होत्या म्हणून नव्हे.

आता आपल्या भाषेकडे ये. मराठीत 'चेटकीण' म्हटलं की लांब नाकाची, बालनाट्यातली, पोरांना खिदळवणारी बाई डोळ्यांपुढे येते. म्हणून तुला तो शब्द गमतीचा वाटतो. पण सातपुड्यात त्याची सख्खी बहीण आहे, 'डाकीण'. पालघरकडे 'भुताळी'. तिथे कुणाचं पोर तापाने गेलं, म्हैस आटली, की भगताकडे जायचं. तो दाणे टाकतो, मंत्र म्हणतो आणि एक नाव सांगतो. बहुतेकदा ती विधवा असते, किंवा जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे अशी. मंत्र म्हणणारा भगत मानाचा, आणि जिने आयुष्यात एक मंत्र म्हटला नाही ती डाकीण. तरुणपणी नंदुरबारकडच्या एका पाड्यावर मी शब्द गोळा करायला गेले होते. एका म्हातारीला मी अजाणतेपणी या शब्दाचा अर्थ विचारला. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. माझी वही त्या दिवशी कोरीच राहिली.

आपल्याकडचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर आला. अमुक बाई करणी करते असा संशय पसरवणं, त्यावरून तिला छळणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा. तुझ्या मेणबत्त्यांशी त्याला देणंघेणं नाही. मात्र चमत्काराचा दावा करून लोकांकडून पैसे घेतलेस, तर तोच कायदा तुझ्याही दारात येईल, आणि यायलाच हवा. जडीबुटीचं वेड ठीक, पण ताप आला तर डॉक्टर.

तर माझा सल्ला असा. इंग्रजीत स्वतःला विच म्हण, खुशाल. तो शब्द तिथल्या लोकांनी स्वतःवर घेतला, त्याचं मोल त्यांनी मोजलं. मराठीत त्याचं भाषांतर करू नकोस. 'मी विक्का मानते' एवढं पुरे. आपल्याकडे हा शब्द अजून कुणीतरी दुसऱ्यावरच फेकतं, आणि ज्या बाईवर तो पडतो तिला टी-शर्ट बदलता येत नाही. तिने स्वतः कधी तो उचलला, तर मग आपण तिच्या मागे उभ्या राहू. आधी नाही.

आईशी बोलताना नावापासून सुरुवातच करू नकोस. काय करतेस ते सांग. 31 ऑक्टोबरला तुम्ही गेलेल्या माणसांची आठवण काढता ना? यंदा तू आजोबांसाठी पान वाढणार आहेस, असं लिहिलंयस. तेच सांग. सर्वपित्रीला कावळ्याची वाट बघत उन्हात उभी राहणारी बाई आहे ती. पानात काय वाढणार, एवढंच विचारेल. अळूची भाजी तिकडे मिळत नसेल तर पालकाची कर.

तुझी मावशी