प्रक्षोभक, प्रचारपट की प्रचारकी?

सोलापूरच्या एका वाचकांनी विचारलंय: ‘एकाच सिनेमाला कुणी प्रक्षोभक म्हणतं, कुणी प्रचारपट. राजकारणावर प्रभाव पाडायलाच असे सिनेमे काढतात ना? मग शब्द दोन कशाला? आणि भडकाऊ म्हटलं तर चालेल का?’

दोन हवेतच. ‘प्रक्षोभक’ बघणाऱ्याचं काय होईल त्याबद्दल बोलतो, ‘प्रचारपट’ काढणाऱ्याच्या हेतूबद्दल. पहिला शिक्का बहुधा सरकार मारतं. सोलापूरकरांना हे काय सांगायचं? १९३०च्या मार्शल लॉमध्ये तिरंगा मिरवणंही इथे गुन्हा ठरलं होतं. सिनेमाचंही तेच. १९२१च्या ‘भक्त विदुर’मधला विदुर गांधीजींसारखा दिसत होता, कराची आणि मद्रासमध्ये बंदी आली. कथा महाभारतातली, पण धसका इंग्रजांना!

उलट १९४०चा ज्यूद्वेषी जर्मन सिनेमा ‘यूद झ्यूस’ घ्या. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या खात्याने तो काढवून घेतला आणि एसएस (नाझींचं निमलष्करी दल) व पोलिसांनी तो बघावा असा हुकूम त्यांचा प्रमुख हिमलरने सोडला. इथे ‘प्रचारपट’ म्हणायला पुरावा आहे. तेव्हा काही सिनेमे राजकारणासाठी काढतात हे खरं, सगळे नव्हे. कित्येक नुसत्या गल्ल्यासाठी काड्या घालतात. ठरवायचं तर पैसा कुणाचा, तारीख मतदानाच्या तोंडावरची आहे का, खेळच्या खेळ बुक करून फुकट तिकिटं कोण वाटतंय, ते बघावं.

अडचण अशी की मराठीत ‘प्रचार’ बदनाम नाही. हिंदीचा प्रचार, कुटुंबनियोजनाचा प्रचार, निवडणुकीचा तर आहेच. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूत आणि अक्कलकोटकडच्या कन्नडातही हा शब्द असाच साधा. म्हणून ‘प्रचारपट’ म्हणून कुणाला झोंबत नाही आणि लोक ‘प्रोपगंडा’ उचलतात. ‘अपप्रचार’ खोटेपणावर बोट ठेवतो, पण खऱ्या घटना सोयीने कापूनही काम भागतंच की.

माझं मत ‘प्रचारकी’ला. समीक्षक कथा-कादंबऱ्यांबद्दल तो कधीपासून वापरतात: गोष्ट सांगतो म्हणून बसवायचं आणि भाषण ऐकवायचं, ते प्रचारकी. निर्मात्याच्या पोटात काय आहे हे कळायची गरज नाही, पडद्यावर दिसतं तेवढ्यावर म्हणता येतं.

‘भडकाऊ’ बोलताना खुशाल चालेल. लिहिताना मात्र टिकाऊ, दिखाऊच्या चालीवर, ‘भडकावू’ नको.